हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो? जुनी गोष्ट आहे

नागपुरात लग्नाच्या पंगतीत पांढऱ्या शर्टवर रस्सा सांडला की घरी येऊन पहिले आपण साबण घासतो अन पिवळा डाग लालभडक होऊन बसतो. कपडा गेला असं वाटतं, पण गेलेला नसतो. हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, कर्क्युमिन, खार (म्हणजे अल्कली, आंबटाच्या उलट) लागला की लाल होतं, वरून लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. घरोघरी कुंकू बनायचं तेही असंच, हळदीला चुना नाहीतर टाकणखार लावून.

म्हणजे साबणात खार आहे हे हळद सांगते. तो आला कुठून, तर राखेतून. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, म्हणून नुसत्या राखडीनं पण तेलकट भांडी निघायची. आपल्या विदर्भाचं तर यात खास नाव आहे. अकबराच्या काळातल्या आईन-ए-अकबरीत लोणारबद्दल लिहिलंय की काच आणि साबण करायला जे लागतं ते सगळं इथं मिळतं. लोणार सरोवराचं पाणी आजही चांगलंच खारट-अल्कली आहे, पीएच (आंबट-खारेपणाचं माप, 7 म्हणजे मधलं, वर खारं, खाली आंबट) साधारण 10 च्या आसपास. रिठा-शिकेकाईची गोष्ट मात्र वेगळी, त्यांना फेस सॅपोनिन नावाच्या त्यांच्यातल्याच द्रव्यामुळे येतो आणि पाणी थोडं आंबटच राहतं, खाराचा तिथं संबंध नाही.

युरोपात राख अन समुद्रकाठच्या झाडांचा खार पुरेना, तेव्हा 1791 मध्ये फ्रान्सच्या लेब्लांक या रसायनतज्ज्ञानं साध्या मिठापासून धुण्याचा सोडा (हाही खारच) बनवायचं पेटंट घेतलं. साबण स्वस्त व्हायला याची खूप मदत झाली, पण त्याची किंमत कारखान्याशेजारच्या लोकांनी मोजली, कारण मिठावर सल्फ्युरिक अॅसिड टाकलं की हायड्रोक्लोरिक अॅसिडचा धूर निघायचा, तो सरळ हवेत सोडायचे आणि आजूबाजूची झाडं, पिकं जळून जायची, शेवटी इंग्लंडला 1863 मध्ये त्यासाठी कायदाच करावा लागला. संडास धुवायला आपण जे अॅसिड आणतो ते हेच हायड्रोक्लोरिक. पुढे सोडा बनवायची सॉल्व्हेची पद्धत आली, तिच्यात मिठावर सल्फ्युरिक अॅसिड टाकावंच लागत नव्हतं, आणि हा धूर थांबला.

तेलात खार घातल्यावर आत काय होतं हे शेव्रल या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं 1823 मध्ये नीट मांडलं. तेलातून ग्लिसरीन सुटतं, फॅटी अॅसिड खाराला जाऊन चिकटतं, तोच साबण. ते अॅसिड कमजोर, खार तगडा, त्यामुळे चांगल्यातला चांगला साबण पण पाण्यात 9-10 पीएच दाखवतो. (नागपुरात हे तेलाचं शास्त्र शिकवणारी लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट 1942 पासून आहे, मला याचा फार अभिमान वाटतो.)

रंगावरून आंबट की खारं ओळखायचं हे रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञानं 1664 मध्येच व्हायोलेट फुलांच्या पाकावर लिहून ठेवलं होतं. किती आंबट, किती खारं, हे आकड्यात सांगायला मात्र 1909 उजाडलं, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बीअर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करता करता सोरेन्सन या शास्त्रज्ञानं पीएचचं माप काढलं तेव्हा.

आपल्या कातडीचा पीएच 5 च्या जवळपास असतो, म्हणून साबणानं अंग ओढल्यासारखं होतं. स्किनचे डॉक्टर जे बार लिहून देतात त्यातले बरेच साबण नसतातच, कातडीसाठीच्या सौम्य डिटर्जंटचे (कपड्यांच्या नव्हे) असतात. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर एकदा असा डिटर्जंटचा बार अन एकदा अंगाचा साधा साबण ओला करून घासा, साध्या साबणाखाली कागद लाल होईल, त्या बारखाली पिवळाच राहील.