सरकारी निधीतून ऊर्जा संशोधन: काय मोजायचे, केव्हापासून मोजायचे, कसे कळवायचे

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हे पत्रक मराठवाड्यातल्या अभियांत्रिकी आणि कृषी महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांसाठी, शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी आणि एमआयडीसीतल्या छोट्या उद्योजकांसाठी आहे. सौर पंप, ड्रायर, बायोमास, साठवण अशा विषयांवर केंद्राचा किंवा राज्याचा निधी मिळालेला असेल, किंवा प्रस्ताव लिहिणे चालू असेल, तर हे पत्रक पुढे वाचावे. आमचे काम मोजमापाचे. प्रकल्पाचे निर्देशांक, म्हणजे यश कोणत्या आकड्यांवर मोजायचे ते, ठरवायला मदत करणे, मीटर आणि सेन्सर बसवणे, आणि अहवालात जाणारा प्रत्येक आकडा कुठून आला याचा माग ठेवणे.

बहुतेक मंडळी आमच्याकडे येतात ती प्रकल्पाचे शेवटचे तीन महिने उरलेले असताना. यंत्र तयार असते, पैसे खर्ची पडलेले असतात आणि प्रपत्रातला "साध्य झालेली सुधारणा" हा रकाना कोरा असतो. त्या टप्प्यावर आमच्या हातात फार थोडे उरते. म्हणून विनंती अशी, की जुने यंत्र हलवण्याआधी आम्हाला बोलवा.

जुन्या यंत्राचा आकडा

"३० टक्के इंधन बचत" असे प्रस्तावात लिहिणे सोपे आहे. कशाच्या ३० टक्के, हे लिहायला मात्र आधी कोणीतरी उन्हात काटा घेऊन बसावे लागते.

आमच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एका गुऱ्हाळाचे चुलवाण सुधारायचा प्रकल्प होता. आम्ही पोचलो त्याच्या आदल्या दिवशीच जुने चुलवाण फोडून विटा बाजूला रचलेल्या होत्या. नवे चुलवाण छान पेटले, धूर कमी झाला, आणि गुळव्या स्वतःहून म्हणाला, "पहिल्यापेक्षा चिपाड कमी लागतंय, हाताला कळतंय." त्याच्या हाताला कळत होते यावर आमचा आजही विश्वास आहे. पण अहवालात लिहायला जुन्या चुलवाणाचे एका आधणाचेसुद्धा वजन नव्हते. आम्ही आठ दिवस आधी जायला हवे होते, ती चूक आमची. तिथल्या सगळ्यांची मेहनत कागदावर "सुधारणा जाणवते" एवढ्या दोन शब्दांत मावली, याचे वाईट अजून वाटते.

तेव्हापासून आमचा नियम असा आहे: जुनी पद्धत किमान दोन आठवडे, रोजच्या माणसांच्या हाताखाली, रोजच्या मालावर मोजायची. चिपाडाचे नुसते वजनही पुरत नाही. ओल्या चिपाडातला बराच जाळ त्यातलेच पाणी उडवण्यात जातो, म्हणून रोज मूठभर नमुना घेऊन वाळवून ओलावा काढायचा आणि "एक किलो गुळाला किती किलो कोरडे चिपाड" असा आकडा धरायचा. पऱ्हाटी, तुराट्या, सोयाबीनचे भुसकट यांच्यावर चालणाऱ्या भट्ट्यांनाही हेच लागू आहे. पावसाळ्यात उघड्यावर पडलेली पऱ्हाटी आणि मार्चमधली खडखडीत पऱ्हाटी एकाच वजनात धरली, तर तुलना तिथेच बिघडते.

कशाला कशाने भागायचे

हा या पत्रकातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, जरा सावकाश वाचा.

सौर पॅनलचे उदाहरण घेऊ. पॅनलवर लिहिलेली क्षमता प्रयोगशाळेतल्या ठरावीक स्थितीत मोजलेली असते: दर चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि पॅनलच्या आतल्या सेलचे तापमान २५ अंश. नांदेड-परभणीकडे मे महिन्यात दुपारी पॅनल सहज ६५ अंशांपर्यंत तापतो. नेहमीच्या सिलिकॉन पॅनलची ताकद दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्क्याने घटते. म्हणजे ४० अंश जास्तीला १४ ते १६ टक्के घट केवळ उष्णतेने. पॅनल थंड ठेवण्याचे किंवा त्यावर लेप देण्याचे संशोधन इथे करण्याला अर्थ आहे तो यामुळेच.

आता समजा १० किलोवॅटचा संच आहे. मे महिन्यातल्या एका दिवशी दर चौरस मीटरवर ६.४ किलोवॅट-तास (एक किलोवॅट-तास म्हणजे एक युनिट) ऊन पडले आणि ४८ युनिट तयार झाले. जुलैतल्या एका ढगाळ दिवशी ऊन ३.५ आणि युनिट २८. नुसती युनिट पाहिली तर जुलैत काहीतरी बिघडले असे वाटेल. सीयूएफ काढला, म्हणजे चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालला असता तर किती झाले असते त्याच्याशी तुलना केली, तर तो २० टक्क्यांवरून १२ च्या खाली येतो. पण क्षमता गुणिले ऊन या आकड्याने भागा: मे महिन्यात ४८ भागिले ६४, म्हणजे ७५ टक्के, जुलैत २८ भागिले ३५, म्हणजे ८० टक्के. याला परफॉर्मन्स रेशो म्हणतात. संच जुलैत जास्त चांगला चालत होता, कारण तो गार होता. ढग आले की गेले याचे श्रेय किंवा दोष तुमच्या संशोधनाकडे जाऊ नये असे वाटत असेल, तर हा भागाकार वापरा. एका उत्तम प्रकल्पाला पावसाळ्याच्या सहामाही अहवालात "उद्दिष्टापेक्षा कमी" असा शेरा मिळालेला आम्ही पाहिला आहे. तिथे निर्देशांक म्हणून फक्त युनिट लिहिली होती.

दुसरे उदाहरण हळदीचे, कारण हिंगोली आणि वसमत भागातून ड्रायरबद्दल सतत विचारणा होते. "दिवसाला १०० किलो हळद वाळते" हा निर्देशांक ऐकायला भक्कम आहे, पण हळद किती ओली होती आणि किती वाळली हे त्यात नाही. शिजवलेल्या १०० किलो हळदीत ८० टक्के पाणी धरले तर कोरडा भाग २० किलो. ती १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवली की वजन उरते सुमारे २२ किलो. म्हणजे ड्रायरने ७८ किलो पाणी काढले. खरा निर्देशांक हा: एक किलो पाणी काढायला किती ऊर्जा लागली.

यात एक पडताळाही आपोआप मिळतो. ड्रायरच्या तापमानाला एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.४ मेगाज्यूल, म्हणजे ०.६७ युनिट उष्णता लागतेच. ७८ किलोला ५२ युनिट. साध्या ड्रायरच्या अहवालात "१०० किलोला ३० युनिट" असे आले, तर बहुधा उन्हातून आलेली उष्णता हिशेबात धरलेली नाही किंवा ओलावा चुकीचा मोजला आहे. (हवेतली उष्णता उचलून वापरणाऱ्या हीट पंपाच्या ड्रायरला वीज यापेक्षा कमी लागू शकते, त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.) अहवाल तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीतला माणूस हा गुणाकार कागदाच्या कोपऱ्यावर करतो. तो आपण आधी केलेला बरा.

मीटर किती खरे बोलतो

लेप दिलेल्या पॅनलने ३ टक्के जास्त वीज दिली असा दावा आहे आणि ऊन मोजणारा सेन्सर ५ टक्क्यांनी चुकू शकतो, तर त्या दाव्यात काही दम राहत नाही. यावर उपाय महागड्या सेन्सरचाच असतो असे नाही. त्याच छपरावर, त्याच कोनात, त्याच दिवशी एक ओळ लेपाची आणि शेजारची बिनलेपाची ठेवा. दोन्हींवर तेच ऊन पडते, त्यामुळे सेन्सरची चूक तुलनेतून निघून जाते. मग दोन मीटरमधला फरक तेवढा सांभाळायचा. त्यासाठी अर्ध्या मुदतीत दोन्ही मीटरची अदलाबदल करायची. हा उपाय स्वस्त आहे आणि समितीला पटतो.

मीटर-सेन्सरचे कॅलिब्रेशन, म्हणजे प्रमाणित साधनाशी ताडून पाहणे, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून करून घ्या आणि प्रमाणपत्राची तारीख अहवालात लिहा.

नोंदी हरवण्याचा त्रास खेड्यात सगळ्यात जास्त. शेतातल्या एका आखाड्यावर आम्ही डेटालॉगर, म्हणजे आपोआप नोंदी साठवणारे यंत्र, बसवला होता. त्याचे राऊटर शेतीच्या फीडरवर होते, त्यामुळे लाईट गेली की नोंदीही थांबत. ते लक्षात येईपर्यंत तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांचा पंपाचा हिशेब आम्हाला मिळाला तो शेतकऱ्याने स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर आतून खडूने मांडलेल्या ओळींतून: मोटार सुरू, मोटार बंद, तारीख. ती पेटी आम्ही फोटो काढून अहवालाला जोडली. आता प्रत्येक ठिकाणी लॉगरला स्वतःची बॅटरी आणि मेमरी कार्ड देतो, आणि पेटीजवळ एक वही दोरीने बांधून ठेवतो. त्या वहीची किंमत कमी समजू नका.

वाटप किती आणि वापर किती

देशात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. तीन कोटींहून जास्त चुली बसवल्याची नोंद झाली. त्यातल्या बऱ्याच चुली काही वर्षांत मोडल्या किंवा वापरातून गेल्या, कारण मोजणी बसवलेल्या चुलींची होत होती, पेटणाऱ्या चुलींची नव्हे. तुमच्या प्रकल्पात "५० संच बसवले" हा निर्देशांक असेलच, तो ठेवा. पण त्याच्या शेजारी "सहा महिन्यांनी किती संच आठवड्यातून किमान पाच दिवस चालू" हाही ठेवा. त्यासाठी तापमान नोंदवणारे छोटे लॉगर मिळतात.

मोठ्या पातळीवरचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २०११ मध्ये सनशॉट नावाचा उपक्रम सुरू केला. उद्दिष्ट एका ओळीत मांडले होते: मोठ्या सौर प्रकल्पांची वीज २०२० पर्यंत, सबसिडी न धरता, युनिटला ६ सेंटवर आणायची. २०१७ मध्ये ते तीन वर्षे आधीच गाठल्याचे जाहीर झाले. उद्दिष्ट कसे लिहावे याचा हा चांगला नमुना आहे: आकडा आहे, वर्ष आहे, काय धरले नाही तेही आहे. मात्र त्या काळात जगभर पॅनलचे भाव कोसळले होते आणि ती घसरण एकट्या त्या उपक्रमाने झालेली नव्हती. तुमच्या अहवालातही हा फरक करा. डिझेल महागले म्हणून तुमच्या पंपाची बचत रुपयांत वाढली असेल, तर लिटरमध्ये किती वाचले ते वेगळे लिहा.

तंत्रज्ञान किती तयार आहे हे दाखवायला टीआरएलची १ ते ९ अशी पट्टी वापरतात. ती मूळची अमेरिकेच्या नासाची. चौथ्या पायरीला प्रयोगशाळेत सिद्ध, सातव्या पायरीला प्रत्यक्ष वापराच्या ठिकाणी नमुना चालवून दाखवलेला. महाविद्यालयाच्या आवारात स्वतःच्या विद्यार्थ्यांनी चालवलेला ड्रायर सातव्या पायरीवर नाही, एवढे मनाशी पक्के ठेवा. चारवरून सहावर गेलो असे पुराव्यासह लिहिलेले समितीला मोलाचे वाटते.

पाण्याचा रकाना

प्रपत्रात मागितलेला नसला तरी हा रकाना आम्ही प्रत्येक प्रकल्पात घालतो. पाणी नसल्यामुळे २०१५ मध्ये परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले होते आणि २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. इथे ऊर्जेचे कोणतेही संशोधन युनिटमागे किती लिटर पाणी पिते हे सांगितल्याशिवाय पुरे होत नाही. पॅनल धुण्याचे पाणी, पॅनल गार करण्याचे पाणी, गॅसिफायरचा (काडीकचऱ्यापासून जळाऊ वायू करणाऱ्या भट्टीचा) वायू धुण्याचे पाणी, सगळे मोजा. वीस-पंचवीस लिटरच्या कॅनने मोजले तरी चालेल.

अहवाल आणि उपयोगिता प्रमाणपत्र

केंद्राच्या अनुदानाला सामान्य वित्तीय नियम २०१७ लागू आहेत. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे रोजच्या भाषेत यूसी, संस्थांनी १२-ए या नमुन्यात द्यायचे असते. ते लेखापालाचे काम म्हणून बाजूला सारले जाते, पण त्या नमुन्यात निधीतून काय निष्पन्न झाले याचे परिशिष्ट जोडायची तरतूद आहे. म्हणजे तुमचे निर्देशांक आणि तुमचा खर्च एकाच कागदावर भेटतात. प्रगती अहवालात एक आकडा आणि यूसीच्या परिशिष्टात दुसरा, असे झाले की पुढचा हप्ता अडकतो. अनुदानावर बँकेत मिळालेले व्याजही ठेवून घेता येत नाही, हिशेब पूर्ण झाल्यावर ते केंद्राच्या संचित निधीत भरायचे असते. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत यूसी द्यायचे असा नियम आहे, पण पुढच्या हप्त्याची गरज असेल तर एप्रिल-मेमध्येच ते तयार ठेवा.

उद्दिष्ट गाठले गेले नाही तर काय लिहायचे, हा प्रश्न जवळपास प्रत्येक ग्राहक दबक्या आवाजात विचारतो. जे मोजले ते लिहा. २५ टक्के म्हटले होते, १४ टक्के आले. उरलेले ११ टक्के कुठे गेले? त्यातले ६ भिंतीतून सुटलेल्या उष्णतेत सापडले, उरलेल्या ५ चा शोध लागला नाही. असा परिच्छेद पुढच्या संशोधकाचे एक वर्ष वाचवतो, आणि हा पैसा त्याचाही आहे. चांगले आठ दिवस निवडून त्यांची सरासरी काढून देणे आमच्याकडून होणार नाही. खराब दिवस गाळायचे असतील तर कोणत्या कारणाने गाळणार हे मोजणी सुरू होण्याआधी वहीत लिहून, तारीख घालून, दोघांच्या सह्या करून ठेवतो.

पहिल्या भेटीला येताना

मंजुरीचे पत्र, प्रस्तावातले उद्दिष्टांचे पान आणि यंत्रसामग्रीच्या खर्चाचा तक्ता आणा. मोजमापासाठी वेगळी तरतूद नसेल तर प्रस्ताव पाठवण्याआधीच सांगा, नंतर एका शीर्षाखालचा पैसा दुसरीकडे वळवायला परवानगी लागते. पहिल्या भेटीचे पैसे आम्ही घेत नाही. त्या भेटीत आपण मिळून जास्तीत जास्त पाच निर्देशांक लिहू, आणि प्रत्येकापुढे आजचा आकडा, मोजायचे साधन, मोजणारी व्यक्ती आणि किती दिवसांनी मोजायचे ते भरू. आजचा आकडा माहीत नसेल तर तो रकाना रिकामा ठेवू आणि दुसऱ्या दिवशी काटा घेऊन तुमच्याकडे येऊ. तोपर्यंत जुनी भट्टी, जुना पंप, जुना ड्रायर आहे तिथेच असू द्या.