पौंडाचे पाकीट घ्यायचे तर हॉप्स कोणते: शंभर वर्षांची पार्श्वभूमी

अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्यांना हॉप्स दोन मापांत मिळतात. एक औंसाचे म्हणजे २८ ग्रॅमचे पाकीट, किंवा पौंडाचे, ४५४ ग्रॅमचे. पौंडात घेतले तर औंसामागे बरेच कमी पैसे पडतात, म्हणून ज्याला हा नाद लागला तो आज ना उद्या घाऊक खरेदीकडे वळतोच. मग प्रश्न पडतो की एवढ्या वाणांतून घ्यायचे कोणते. उत्तर बहुधा चवीच्या अंगाने दिले जाते: याला लिंबाचा वास, त्याला आंब्याचा, तिसऱ्याला चीडाच्या डिंकाचा. ही माहिती खोटी नाही, पण अपुरी आहे. कोणता हॉप स्वस्त पडतो, कोणता फ्रीझरमध्ये दोन वर्षे दम धरतो, कोणता ठरावीक शेतांतूनच येतो, हे त्या वाणाच्या जन्माच्या वेळी कोणाला काय हवे होते यावर ठरलेले असते. म्हणून खरेदीची यादी करण्याआधी ही हकीकत वाचावी असे मला मनापासून वाटते.

हॉप ही भांगेच्या कुळातली वेल. नर आणि मादी वेली वेगळ्या असतात, आणि बिअरला लागतात ती मादी वेलीची शंकूच्या आकाराची फुले. त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशी ल्युप्युलिन नावाची पिवळी, चिकट पूड असते. तिच्यातली अल्फा आम्ले उकळताना रूप बदलतात आणि कडवटपणा देतात. सुगंधी तेले मात्र उकळीत उडून जातात, म्हणून वासासाठीचे हॉप्स शेवटी किंवा थंड बिअरमध्ये टाकतात. शिवाय ही आम्ले बिअर आंबवून नासवणाऱ्या जीवाणूंना रोखतात. बाराव्या शतकात बिंगेनच्या हिल्डेगार्ड या जर्मन जोगिणीने हॉप्समुळे पेय टिकते असे लिहून ठेवले आहे. १५१६ च्या बव्हेरियाच्या फर्मानात तर बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालू नये असाच दंडक होता. भारतात कलकत्ता, मुंबई, मद्रासकडे जहाजाने येणाऱ्या पेल एल या फिकट रंगाच्या बिअरमध्ये इंग्रज ब्रूअर, म्हणजे बिअर करणारे, जास्त हॉप्स घालत, त्याचे कारणही हेच.

त्या काळी वाण निर्माण करण्याची कल्पनाच नव्हती. चांगली वेल दिसली की शेतकरी तिच्या मुळाचे तुकडे लावी आणि सारा प्रदेश एकाच झाडाने भरून जाई. वाणाला नाव मिळे ते गावाचे किंवा शेतकऱ्याचे. बोहेमियातल्या झाटेत्सचा साझ, बव्हेरियातल्या हालरटाऊचा मिटलफ्र्यू, टेटनांग, श्पाल्ट, इंग्लंडमधल्या केंट परगण्याचे गोल्डिंग आणि फगल. या सगळ्यांत अल्फा आम्ले कमी, साझमध्ये जेमतेम ३ ते ४ टक्के, पण वास मऊ आणि खानदानी. आजही जर्मन किंवा चेक धाटणीची लागर, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेली बिअर, करायची तर यांना पर्याय नाही. मात्र या एकसारख्या शेतांत मोठा धोका दडलेला होता. एका वेलीला जो रोग होईल तो सगळ्यांना होणार.

आणि तो झाला. १९२० च्या दशकात केवड्याने जर्मनीतल्या हॉपच्या बागा झोडपून काढल्या, तेव्हा १९२६ मध्ये ह्युल येथे हॉप संशोधनाची संस्था उभी राहिली. पुढे मर रोगाने मिटलफ्र्यूची शेते आक्रसली. मर, केवडा, भुरी, मावा ही नावे नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला नवी नाहीत. हॉपच्या वाणांचा पुढचा सारा इतिहास निम्मा या रोगांनीच घडवलेला आहे.

उरलेला निम्मा घडला इंग्लंडच्या वाय कॉलेजात. तिथे अर्नेस्ट सॅमन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हॉपचे संकर करायला घेतले. त्यांच्या हाती १९१६ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबाहून एका रानटी हॉपचे बेणे आले. त्या वेलीच्या बियांतून १९१९ मध्ये उगवलेल्या रोपांतून निघाले ब्रूअर्स गोल्ड आणि बुलियन, जे १९३० च्या दशकात बाजारात आले. कडवटपणा जुन्या इंग्रजी वाणांहून कितीतरी जास्त, पण वास उग्र. इंग्रज ब्रूअरांनी नाके मुरडली. कडवटपणासाठी ठीक, वासासाठी नको, असा निकाल लागला.

त्या निकालानंतर काय झाले ते खरे पाहण्यासारखे आहे. ब्रूअर्स गोल्डच्या बीजातून अमेरिकेच्या आयडाहो राज्यात गॅलेना निघाला. गॅलेनापासून ह्युलच्या संस्थेने मॅग्नम काढला. अमेरिकेतल्या सेंटेनियलमध्ये तीन चतुर्थांश रक्त ब्रूअर्स गोल्डचे आहे, नगेटमध्येही त्याचा मोठा वाटा आहे, आणि सिट्राच्या वंशावळीतही तो आहेच. आज घरगुती ब्रूअरच्या फ्रीझरमध्ये जी पाच-सात पाकिटे असतात त्यांतली निदान निम्मी त्या एका मॅनिटोबाच्या वेलीची नातवंडे-पतवंडे असतात. शंभर वर्षांपूर्वी जो वास नको होता त्याच्याच मागे आज लोक धावतात. हॉपच्या इतिहासातली याहून मोठी उलथापालथ मला माहीत नाही.

अमेरिकेत दीर्घकाळ एकच वाण राज्य करत होते, क्लस्टर. काटक, भरघोस आणि विलक्षण टिकाऊ. चांगला वास हवा असला की मोठ्या कंपन्या जर्मनीहून मिटलफ्र्यू मागवत. मर रोगाने तो पुरवठा डळमळला आणि देशी पर्यायाची गरज भासली. ऑरेगनमधल्या कॉर्व्हॅलिस येथे अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधन कार्यक्रमात १९५६ मध्ये गोळा केलेल्या बियांतून एक वेल निवडली गेली होती. तिच्या आईकडे इंग्रजी फगल आणि रशियन सेरेब्रियांका, तर बाप अज्ञात. १९७२ मध्ये ती कॅस्केड या नावाने शेतकऱ्यांच्या हाती आली. हेतू होता जर्मन हॉपची जागा भरण्याचा. पण कॅस्केडला वास आला पपनसाचा आणि फुलांचा, जर्मन मुळीच नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रूअरीने १९७५ च्या लिबर्टी एलमध्ये त्याला मोकळे सोडले आणि १९८० पासून सिएरा नेव्हाडाच्या पेल एलने त्याला घरोघरी पोचवले.

सिएरा नेव्हाडाचे केन ग्रॉसमन आधी कॅलिफोर्नियातल्या चिको गावात होमब्रूइंगच्या सामानाचे दुकान चालवत. त्या काळी घरगुती ब्रूअरला चांगले हॉप्स मिळणेच मुश्कील होते. जे मिळत ते जुने, पिवळे पडलेले. ग्रॉसमन वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात जाऊन व्यापाऱ्यांकडून नमुन्याचे तुकडे विकत आणत. हॉप्सच्या गाठी सुमारे ९० किलोंच्या असतात आणि बड्या गिऱ्हाइकांना दाखवायला त्यांतून चौकोनी तुकडे कापतात, ते हे. आजच्या पौंडाच्या पाकिटाचे मूळ मी या नमुन्याच्या तुकड्यांत पाहतो.

हे सारे कायद्याच्या कडेकडेने चालले होते. १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली तेव्हा घरी वाइन करण्याची मुभा मिळाली, बिअरची राहून गेली. ब्रिटनने घरगुती बिअरवरची परवान्याची अट १९६३ मध्ये काढली. अमेरिकेत १९७८ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, एकाहून अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करायची केंद्रीय सूट मिळाली. राज्यांचे कायदे मात्र वेगळे होते. अलाबामा आणि मिसिसिपी अखेर २०१३ मध्ये आली. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. त्यामुळे हॉप्सची ही चर्चा पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रूअरींच्या आणि परदेशी राहणाऱ्या मराठी होमब्रूअरांच्या कामाची.

१९८० आणि ९० च्या दशकांत शेतीचा कल मात्र जास्त अल्फाकडे होता, कारण मोठ्या कंपन्या हॉप्स वासासाठी नव्हे, कडवटपणाच्या हिशेबाने घेत. त्याच धांदलीत कोलंबस, टोमाहॉक आणि झ्यूस आले. पहिली दोन एकच वाण, मालकीच्या वादामुळे नावे वेगळी झालेली, आणि तिसरे त्यांच्या अगदी जवळचे. बाजारात तिघांना मिळून सीटीझेड म्हणतात. घाऊक घेताना तिघांतले जे स्वस्त ते बिनधास्त घ्यावे.

मग आली खासगी वाणे. कॅस्केड, सेंटेनियल, चिनूक ही सरकारी संशोधनातली, कोणीही लावावीत अशी. सिमको २००० च्या सुमारास आले ते पेटंट घेऊनच. सिट्राचा संकर १९९० चा, पण पुढची सतरा-अठरा वर्षे त्याला कोणी विचारत नव्हते. २००८ च्या आसपास छोट्या ब्रूअरींनी ते उचलले आणि पाहता पाहता लागवडीत त्याने कॅस्केडला मागे टाकले. २०१२ मध्ये मोझेइक आले. ही वाणे परवाना असलेला शेतकरीच लावू शकतो, किती एकर लावायची तेही मालक ठरवतो. पेटंटच्या द्राक्षवाणांमुळे हा व्यवहार नाशिकमध्येही आता ओळखीचा झाला आहे. पेटंट वीस वर्षांनी संपते, पण नावाचा ट्रेडमार्क संपत नाही, म्हणून जुन्या वेलीला त्या नावाने विकणे कठीणच राहते. पाकिटाच्या किमतीत जो फरक दिसतो त्याचे एक मोठे कारण हे आहे. सरकारी वाणे स्वस्त असतात म्हणून ती कमअस्सल, असा समज मला अन्यायाचा वाटतो.

घाऊक खरेदीची सवय खऱ्या अर्थाने लावली ती २००७-०८ च्या टंचाईने. त्याआधी वर्षानुवर्षे माल जास्त आणि भाव पडलेले, त्यामुळे शेतकऱ्यांनी वेली उपटून दुसरी पिके घेतली होती. त्यात युरोपात पीक कमी आले. २००६ च्या ऑक्टोबरात याकिमातल्या एका गोदामाला आग लागून अमेरिकेच्या पिकाचा सुमारे ४ टक्के भाग जळाला. भाव कित्येक पटींनी चढले. करार नसलेल्या छोट्या ब्रूअरींना माल मिळेना, तेव्हा बॉस्टन बिअर कंपनीने २००८ मध्ये आपल्या साठ्यातले २०,००० पौंड हॉप्स त्यांना खरेदीच्या भावात दिले. त्या दिवसांत ज्यांच्या घरी फ्रीझरमध्ये पौंडाची पाकिटे होती ते निर्धास्त होते, आणि हे बाकीच्यांनी पाहिले. याकिमातल्या काही शेतकऱ्यांनी थेट घरगुती गिऱ्हाइकाला पौंडाने विकायला सुरुवात केली होतीच. तो व्यवहार मग वाढत गेला.

टंचाईने पोळलेल्या ब्रूअरींनी पुढची अनेक वर्षे आगाऊ करार केले, एवढे की त्यातून उलटी स्थिती आली. २०२१ मध्ये अमेरिकेत हॉपखाली सुमारे ६०,००० एकर जमीन होती. छोट्या ब्रूअरींची वाढ थांबली, शीतगृहे भरली आणि २०२४ पर्यंत लागवड ४५,००० एकरांच्या आत आली. करारात अडकलेला जुना माल आता ब्रूअरी एकमेकींना आणि दुकानदारांना विकतात. दोन-तीन हंगामांपूर्वीचे सिट्रा किंवा मोझेइक निम्म्या भावात दिसते ते यामुळे.

ते घ्यावे का, हे वाणाच्या टिकाऊपणावर आहे, आणि टिकाऊपणाही वंशातूनच येतो. साधारण २० अंश सेल्सिअसला सहा महिने ठेवले तर कॅस्केडची अल्फा आम्ले जवळपास निम्मी होतात. क्लस्टर आणि गॅलेनाची ८० टक्क्यांच्या आसपास शिल्लक राहतात, मॅग्नमही याच पठडीतला. हे आकडे उघड्या फुलांचे. फुले दळून, दाबून केलेल्या पेलेटच्या गोळ्या, नायट्रोजन भरलेले फॉइलचे पाकीट आणि उणे १८ अंशांचा फ्रीझर या तिन्हींनी घरगुती घाऊक खरेदी शक्य केली. तापमान १५ अंशांनी उतरले की नासण्याचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो. हवा मात्र आत जाता कामा नये.

आता हिशेब करून पाहावा. २० लिटर बिअरला ३० आयबीयूच्या (हे कडवटपणाचे एकक) आसपास कडवटपणा आणायला १२ टक्के अल्फाचा मॅग्नम सुमारे २० ग्रॅम पुरतो. म्हणजे एका पौंडात वीसहून अधिक खेपा होतात, आणि तेवढे दिवस टिकेल असाच तो आहे. मी पहिला पौंड याचाच घ्यायला सांगेन. उलट गढूळ दिसणारी, वासाची हेझी आयपीए (इंडिया पेल एल) करणाऱ्याला एका खेपेला २०० ते ३०० ग्रॅम वासाचे हॉप्स लागतात. सिट्राचा पौंड दोन खेपांत संपतो, तेव्हा त्याच्या टिकाऊपणाची काळजी करण्याचे कारण नाही, भाव आणि हंगाम पाहावा. कॅस्केड आणि सेंटेनियल स्वस्त आणि बहुगुणी, पण कॅस्केड त्याच वर्षाचे घ्यावे आणि त्याच वर्षी संपवावे. साझ, टेटनांग यांचा पौंड ज्याच्या घरी हिवाळाभर लागर होते त्यानेच घ्यावा. इतरांना औंसाची पाकिटेच परवडतात.

पाकिटावर वाणाच्या नावाखाली पिकाचे वर्ष आणि त्या वर्षीचा अल्फाचा आकडा छापलेला असतो. उत्तर गोलार्धातली काढणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातली फेब्रुवारी ते एप्रिल. गोळ्या करून, अल्फा तपासून नवा माल घरगुती बाजारात यायला आणखी काही आठवडे जातात, म्हणून अमेरिकी वाणांची मोठी खरेदी नोव्हेंबरच्या पुढे करावी आणि नेल्सन सॉव्हिन, गॅलक्सी या दक्षिणेकडच्या वाणांसाठी मे-जूनपर्यंत थांबावे. वर्ष छापलेले नसेल तर दुकानदाराला विचारावे, आणि त्याला सांगता आले नाही तर ते पाकीट घेऊ नये.