धातूंची श्रांती चाचणी

एकच भार पुन्हापुन्हा देऊन धातू किती फेऱ्यांनंतर तडकतो, हे पाहण्याची चाचणी. कारखान्यात हिला ‘फटीग टेस्ट’च म्हणतात. जो भार एकदाच दिला तर दांडा सहज पेलतो, तोच लाखो वेळा आला की न वाकता, काही सूचना न देता मोडतो. साध्या ताणचाचणीत हे कळत नाही, म्हणून ही चाचणी वेगळी करावी लागते.

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस (चाके जोडणारा दांडा) मोडला आणि ५० हून अधिक माणसे दगावली. आस असे का मोडतात, याचा सर्वांत चिकाटीने शोध घेतला तो प्रशियातील रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर याने. फिरत्या आसावर भार टांगून त्याने फेऱ्या मोजल्या. दर फेरीत पृष्ठभागाचा प्रत्येक भाग एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. त्याने दाखवले, की भार जितका कमी तितक्या फेऱ्या जास्त, आणि पोलादाबाबत एका मर्यादेखाली तुकडा मोडतच नाही. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना मात्र अशी ठळक मर्यादा नसते.

आजही पद्धत तीच आहे. मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी एक कोटी फेऱ्यांना सुमारे ५६ तास लागतात. नमुना एमरी पेपरने शेवटी लांबीच्या दिशेने घासतात, कारण आडवा ओरखडा राहिला तर तडा तिथूनच फुटतो. एकसारखे नमुनेही वेगवेगळ्या फेऱ्यांना मोडतात, म्हणून एका नमुन्यावर निष्कर्ष काढणे धोक्याचेच.

मोडलेला तुकडा हातात घेऊन जरूर पाहावा. एका बाजूला गुळगुळीत भाग, त्यावर बऱ्याचदा शिंपल्यासारख्या वर्तुळाकार रेषा. उरलेला भाग खडबडीत, दाणेदार. रेषांच्या केंद्राशी तड्याचा उगम सापडतो.

कॉमेट या ब्रिटिश जेट प्रवासी विमानांच्या १९५४ मधील अपघातांनंतर इंग्लंडमधील फार्नबरो येथे एका विमानाचे धड पाण्याच्या टाकीत ठेवून, आतही पाणी भरून, आतला दाब वाढवत-उतरवत नेला. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ नाही. त्यामुळे धड फुटले तरी स्फोट होत नाही आणि तुकडे तपासायला मिळतात. आधीची खरी उड्डाणे धरून ३,०५७ फेऱ्यांनंतर ते फाटले.

आता नमुन्यात मुद्दाम खाच पाडून तडा दर फेरीला किती वाढतो, हेही मोजतात. विमानाची पुढची तपासणी कधी करायची, ते त्यावरून ठरते.