धुतलेली, तापलेली गाडी तपासायला आणू नका
(जुनी फोर-बाय-फोर घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

गॅरेज कोल्हापुरात असल्याने आमच्याकडे दोन्हीकडच्या गाड्या येतात, घाटाखालच्या आणि घाटावरच्या. जुनी थार, जिप्सी, एखादी महिंद्रा मेजर. घेणारा म्हणतो, "एकदा बघून सांगा, घेऊ का नको." बघायला आमची ना नाही. पण दहातल्या सात गाड्या दारात येतात त्या सर्व्हिस स्टेशनवरून सरळ. इंजिन डिझेलने पुसलेलं, चासीला ताजं काळं मारलेलं आणि बॉनेट तव्यासारखं तापलेलं. मग आम्ही म्हणतो, गाडी इथेच ठेवा, उद्या सकाळी बघू. ग्राहक नाराज होतो, विकणारा त्याहून नाराज होतो आणि आमचा रॅम्प अडकून पडतो. म्हणून हे पत्रक.

रात्रभर उभ्या गाडीला पहिला स्टार्टर मारल्यावर जे दिसतं, ते नंतर दिवसभर दिसत नाही. व्हॉल्व्हची सील गेली असतील तर रात्रीत ऑइल झिरपून खाली उतरतं आणि सकाळी पहिल्यांदा चालू करताना निळा धूर येतो. मिनिटभरात तो जातो. जिप्सीच्या पेट्रोल इंजिनात हे वारंवार सापडतं. डिझेल गाडीचे हीटर प्लग (गार इंजिन उठावं म्हणून आत ऊब देणारे) गेलेत की नाही, तेही गार इंजिनच सांगतं. तापल्यावर कुठलंही डिझेल इंजिन एका दमात उठतं. शिवाय रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडता येत नाही, म्हणजे कूलंटमध्ये ऑइलचा तवंग आहे का, हे बघायचंच राहून जातं. विकणारा "तुम्ही यायच्या आधी जरा चालू करून ठेवतो" म्हणाला तर त्याला हसत नको म्हणा. बॉनेटवर हात ठेवून बघायला लाज वाटू देऊ नका.

धुण्याचंही तसंच आहे. गळतीवर धूळ चिकटते, आणि ती धूळच आमच्या कामाची असते. गिअरबॉक्सच्या तोंडाशी चिखलाचा ओला पट्टा दिसला की तिथलं सील गेलंय, हे खाली झोपल्या झोपल्या कळतं. धुतलेल्या गाडीत तो पट्टा परत दिसायला शे-दोनशे किलोमीटर चालवावी लागते, आणि तोवर गाडी तुमच्या नावावर झालेली असते.

आता डिफरन्शियलबद्दल (धुऱ्यावरचा गिअरचा गोळा, जो वळणावर डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळं फिरू देतो) थोडं सविस्तर, कारण यात आम्हीसुद्धा एकदा फसलोय. ओढ्यातून, नदीच्या पात्रातून गाडी नेली की त्याचं तापलेलं हाऊसिंग पाण्यात एकदम गार होतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जायची छोटी नळी) किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग आतल्या ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा होतो. आम्ही भरायचा बोल्ट काढून करंगळी आत घालतो, ऑइल बोटांत चोळून उजेडात धरतो. त्या वेळी एका थारचं ऑइल मधासारखं स्वच्छ निघालं, म्हणून आम्ही पास म्हणालो. दोन महिन्यांत मागचं बेअरिंग गुरगुरायला लागलं. इंजिनातलं ऑइल मात्र तेव्हा डांबरासारखं होतं. जो माणूस इंजिनाचं ऑइल बदलत नाही, तो डिफरन्शियलचं मुद्दाम कशाला बदलेल, पाणी लपवायचं नसेल तर? हा प्रश्न आम्हाला तेव्हा पडायला हवा होता. आता आम्ही चारही ठिकाणचं ऑइल शेजारीशेजारी बघतो : इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या धुऱ्यांना ताकद वाटणारा डबा) आणि दोन्ही डिफरन्शियल. (मोजली तर पाच होतात, पण गॅरेजमध्ये सगळे चारच म्हणतात.) एकच ऑइल कोरं आणि बाकीची जुनी असतील तर त्या कोऱ्याची चौकशी करतो आणि ब्रीदरच्या नळीत दुधाळ साय आहे का ते बघतो. नळी धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

२०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर हा भाग जास्तच महत्त्वाचा झालाय. कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणला कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या. त्यातल्या काही साफ होऊन पुन्हा बाजारात फिरतात. घरी बघायला गेलात तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ असते, कारण तेवढा पट्टा कुणी धुवत नाही. मग सीटच्या रुळांत बोट फिरवा. घाटाखालच्या गाडीला दुसरा त्रास असतो, खाऱ्या वाऱ्याचा. त्यासाठी चासीवर छोट्या हातोडीने टकटक करा. ठणठणीत पत्रा ठण्ण वाजतो, गंजाने पोखरलेला भद्द वाजतो. काळ्या रंगाने आवाज बदलत नाही.

फोर-व्हील चालते का, हे बघायला बरेच जण कोरड्या डांबरी रस्त्यावर लिव्हर ओढून गोल वळण घेतात. गाडी ब्रेक लागल्यासारखी अडखळते आणि आम्हाला फोन येतो, "काहीतरी अडकलंय." अडकलेलं काही नसतं. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या धुऱ्याच्या मध्ये डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, डांबरावर ती घसरू शकत नाहीत, म्हणून ताण सगळा ट्रान्सफर केसवर येतो. चाचणी मातीत किंवा खडीवरच घ्या. पुढची चाकं माती फेकतात का ते कुणाला तरी खाली उभं करून बघायला सांगा. हाताने फिरवायचे लॉकिंग हब (पुढची चाकं धुऱ्याला जोडणाऱ्या, चाकाच्या मध्यावरच्या चकत्या) असतील तर आधी ते लॉक करा. ते न करता "फोर-व्हील गेलीय" म्हणून भाव पाडलेली एक जिप्सी आमच्याच एका ग्राहकाने घेतली, त्याचं मात्र नशीब. फोर-लोमध्ये (फोर-व्हीलचा हळू, जास्त ताकदीचा गिअर) उतारावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडा. लिव्हर आपोआप उडून न्यूट्रलला आला तर आतलं काम निघालंच म्हणून समजा.

आणि हो, खाली वाकून बघा, पुढच्या धुऱ्याकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट (ताकद नेणारा फिरता दांडा) आहे का. थार टू-व्हीलमध्येही येते, आणि "४×४" चा बिल्ला बाजारात सुटा मिळतो.

जिप्सी ताशी साठच्या आसपास स्टीअरिंग थरथरवत असेल तर "अलाइनमेंट करून घ्या" यावर जाऊ नका, बहुतेक वेळा किंगपिनची (ज्यावर पुढचं चाक वळतं तो खुंट) बेअरिंग गेलेली निघतात. रिव्हर्स टाकताना कट्ट असा आवाज आला तर शाफ्टचे क्रॉस (टोकांचे जोड) गेलेत. पाटे, बुश, शॅकल ही कामं खर्चाची असली तरी घाबरायची नाहीत, त्यावरून चांगली गाडी सोडू नका. चारही टायर मात्र एकाच मापाचे हवेत.

कागदपत्रं आमचं काम नाही, तरी एवढं सांगतो : आरसी बुकावरचा चासी नंबर चासीवर खरडून बघा, बँकेचा बोजा उतरलाय का बघा, आणि पंधरा वर्षं भरत आली असतील तर पुनर्नोंदणीचा खर्च भावात धरा. दिल्लीकडची दहा वर्षांची डिझेल गाडी स्वस्त दिसते, पण इथला रोड टॅक्स भरल्यावर ती तेवढी स्वस्त राहत नाही.

लोक विचारतात, गाडी घेतलीच नाही तरी तपासणीचे दीड हजार का? कारण आमचा वेळ दोन्ही वेळा सारखाच जातो. आम्ही गाड्या विकत नाही आणि एजंटाकडून कमिशन घेत नाही, त्यामुळे "नको" म्हणायला आम्हाला काही वाटत नाही. फोटो किंवा व्हिडिओ पाठवून मत विचारू नका, मोबाइलवर धुराचा रंग कळत नाही. गाडी घेतलीत आणि तीन महिन्यांत पहिली सर्व्हिस इथे केलीत, तर यातले सातशे बिलातून वजा होतात. पाचही ऑइल आणि दोन्ही ब्रीदर बघणं तपासणीच्या दीड हजारांत धरलेलं आहे.

गाडी आदल्या संध्याकाळी सहाच्या आत आणून सोडा, किल्ली आमच्याकडे ठेवा. सकाळी साडेआठला पहिला स्टार्टर मारू, तेव्हा तुम्ही आणि विकणारा दोघेही हजर असलात तर बरं. टोकन त्यानंतर द्या. सोमवारी गॅरेज बंद असतं, म्हणून रविवारी संध्याकाळी गाडी आणू नका.