वायोमिंग टेरिटरी

वायोमिंग टेरिटरी (१८६८–१८९०) : अमेरिकेच्या पश्चिम भागातील एक संघशासित प्रदेश, आजच्या वायोमिंग राज्याचे पूर्वरूप. डकोटा, आयडाहो व यूटा या शेजारच्या टेरिटरींचे भाग तोडून काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) २५ जुलै १८६८ रोजी तो निर्माण केला. खरी निकड रेल्वेने आणली. युनियन पॅसिफिकचे रूळ नोव्हेंबर १८६७ मध्ये शायेनला पोचले आणि मोकळ्या माळावर बघता बघता तंबूंचे, गुत्त्यांचे आणि हाणामाऱ्यांचे गाव वसले. डकोटाची राजधानी यँक्टन शेकडो मैल दूर. तिथून या भागाचा कारभार हाकणे अवघडच होते. १८७० च्या जनगणनेत लोकसंख्या भरली अवघी ९,११८. त्यात शोशोनी, अरापाहो, शायेन, लाकोटा या मूळच्या रहिवासी जमातींची गणती जवळजवळ नव्हतीच. १८६८ च्या तहाने शोशोनींना विंड रिव्हरची राखीव भूमी मिळाली आणि १८७८ मध्ये त्यांच्या जुन्या वैरी अरापाहोंनाही सरकारने तिथेच आणून बसवले.

कारभाराची सूत्रे वॉशिंग्टनच्या हाती होती. गव्हर्नर, सचिव आणि तीन न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमत. लोक निवडून देत ते परिषद व प्रतिनिधिगृह अशा द्विगृही विधिमंडळाला आणि काँग्रेसमधील एका प्रतिनिधीला. या प्रतिनिधीला बोलता येई, मत देता येत नसे. विधिमंडळाचा कुठलाही कायदा काँग्रेस रद्द करू शकत होती. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत इथल्या रहिवाशांना मतच नव्हते.

अशा बांधलेल्या हातांच्या विधिमंडळाने पहिल्याच अधिवेशनात, १८६९ मध्ये, स्त्रियांना मताधिकार दिला. विधेयक साउथ पास सिटी या खाणगावच्या विल्यम ब्राइट यांनी मांडले. १० डिसेंबर रोजी गव्हर्नर जॉन कँबेल यांनी सही केली. हेतू मात्र सरमिसळ होते. प्रदेशात स्त्रिया फार थोड्या, त्यांनी यावे म्हणून जाहिरात हवी होती. सभागृहात सगळे डेमोक्रॅट आणि गव्हर्नर रिपब्लिकन, त्यामुळे त्याला पेचात पकडण्याची हौसही होती. कृष्णवर्णीय पुरुषांना मत मिळते तर आमच्या बायकांना का नाही, हा उघड वर्णद्वेषी युक्तिवादही होताच. केवळ पुरोगामी दृष्टीचे श्रेय देणे म्हणूनच भाबडेपणाचे ठरते. पण कायदा टिकला. फेब्रुवारी १८७० मध्ये एस्थर मॉरिस साउथ पास सिटीत न्यायदंडाधिकारी झाल्या, मार्चमध्ये लॅरमीत स्त्रिया ज्यूरीत बसल्या. ६ सप्टेंबरला त्याच गावी लुइझा स्वेन या वृद्धेने मत टाकले. यीस्ट आणायला भांडे घेऊन निघाल्या होत्या, वाटेत मतदान उरकले, असे सांगतात. १८७१ मध्ये विधिमंडळानेच हा अधिकार काढून घेण्याचा ठराव केला. कँबेल यांनी नकाराधिकार वापरला आणि तो उलथवण्यासाठी परिषदेत एक मत कमी पडले.

पुढच्या काळात गव्हर्नरपेक्षाही वजन होते ते गुरांच्या मालकांचे. त्यांची संघटना, वायोमिंग स्टॉक ग्रोअर्स असोसिएशन, जवळपास समांतर सरकारच होती. १८८४ च्या ‘मॅव्हरिक’ कायद्याने गुरे गोळा करण्याच्या मोहिमा तिच्या देखरेखीखाली गेल्या. मालकाच्या डागाची खूण नसलेली मोकाट वासरे, म्हणजेच मॅव्हरिक, लिलावात विकायची आणि पैसा संघटनेच्या निधीत जमा करायचा. त्यातूनच तिच्या निरीक्षकांचे पगार निघत. ज्याच्याकडे चार गुरे आहेत अशा छोट्या माणसाला ही उघड लूट वाटली. १८८६–८७ च्या भीषण हिवाळ्यात हजारो गुरे गारठून मेली आणि मोठ्या कंपन्यांचे कंबरडे मोडले.

खाणपट्ट्यात वेगळीच आग होती. २ सप्टेंबर १८८५ रोजी रॉक स्प्रिंग्ज येथे गोऱ्या खाणकामगारांनी किमान २८ चिनी कामगारांची हत्या करून त्यांची वस्ती जाळली. गव्हर्नर फ्रान्सिस वॉरन यांनी केंद्राचे सैन्य मागवले. खटला मात्र कुणावरही उभा राहिला नाही.

१८८९ मध्ये राज्यघटना तयार झाली. तीत स्त्रियांचा मताधिकार कायम असल्याने काँग्रेसमध्ये वाद पेटला. तिथल्या प्रतिनिधिगृहात राज्याचा दर्जा देणारे विधेयक १३९ विरुद्ध १२७ अशा थोडक्या फरकाने तरले. १० जुलै १८९० रोजी वायोमिंग ४४ वे राज्य झाले आणि टेरिटरीचे शेवटचे नियुक्त गव्हर्नर वॉरन हेच राज्याचे पहिले निर्वाचित गव्हर्नर ठरले.