ग्रुप प्रोजेक्टमधली कामचोरी: हा विषय आला कुठून

सांगलीत फायनल इयरला असलेल्या कुणालाही विचारा, चौघांच्या ग्रुपात कोडिंग एकजण करतो, रिपोर्ट दुसरा टाईप करतो आणि उरलेले दोघं थेट बाइंडिंगच्या दिवशी उगवतात. मार्क सगळ्यांना जवळपास सारखेच. आपण 'पोरं आळशी आहेत' म्हणून विषय संपवतो, पण यावर १०० वर्षांच्या वर अभ्यास झालाय आणि तो वाचल्यावर मला तरी पटलंय की गोष्ट एवढी सोपी नाही.

सुरुवात केली मॅक्स रिंगलमन या फ्रेंच कृषी इंजिनिअरनं. १८८० च्या दशकात त्यानं माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला, सविस्तर छापलं १९१३ साली. एकट्याचा जोर १०० धरला तर दोघांत प्रत्येकी ९३, तिघांत ८५ आणि आठजणांत ४९, म्हणजे निम्म्याहून कमी! त्याचा मुख्य अंदाज होता की सगळ्यांचा जोर एकाच वेळी पडत नाही. तासगावच्या गणपतीचा रथ ओढताना ज्यानं दोरखंडाला हात लावलाय त्याला हे सांगायला नको.

पण तेवढंच कारण होतं का? १९७४ ला अमेरिकेत इंगहॅम आणि सहकाऱ्यांनी माणसाचे डोळे बांधून त्याला दोराच्या पुढच्या टोकाला उभं केलं, मागचे नुसतेच ओढायचं नाटक करत होते. म्हणजे ताळमेळाचा प्रश्नच नाही, तरी मागं माणसं आहेत म्हटल्यावर गडी कमी जोर लावत होता. १९७९ ला लाटाने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी टाळ्या आणि आरडाओरड्यावर तसेच प्रयोग केले आणि 'सोशल लोफिंग' (ग्रुपात असताना एकट्यापेक्षा कमी जोर लावणं) हे नाव रूढ झालं. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो यांचाच १९८१ चा प्रयोग, त्यात प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं सांगितल्यावर ग्रुपमध्येही कुणी हात राखून ओरडलं नाही. माणसं तीच होती.

१९८३ ला नॉर्बर्ट कर यांनी दुसरी बाजू दाखवली, जोडीदार जमत असूनही काम करत नाही असं दिसलं की राबणाराही हात आखडता घेतो, मीच का मरू म्हणून. याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण ग्रुपातलं चांगलं पोरगं असंच वाया जातं. उलट १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो कोलर यांना दिसलं होतं की दोघांनी मिळून वजन उचलायचं आणि एकजण थांबला की काम थांबणार असं असेल, तर दोघांतला कमजोर जास्त नेट लावतो.

आपल्याकडं यासाठी लॉगबुक असतं, दर आठवड्याला कुणी काय केलं ते लिहायला. पण बऱ्याच ठिकाणी ते सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच हातानं भरलं जातं आणि गाईडच्या सगळ्या सह्या एकाच दिवशी होतात, तेव्हा खरं काम कुणी केलं ते शोधायला एक्स्टर्नलच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाच्या हातात व्हायवाची (तोंडी परीक्षेची) दहा-पंधरा मिनिटंच उरतात.