तोडही चालू, जंगलही शाबूत: अमेरिकेतल्या खासगी जंगलांच्या संरक्षणाची पार्श्वभूमी

1988 साली अमेरिकेच्या ईशान्य भागात डायमंड इंटरनॅशनल या कंपनीची सुमारे 10 लाख एकर जंगलजमीन विक्रीला निघाली. मेन, न्यू हॅम्पशायर, व्हर्मॉंट आणि न्यू यॉर्क अशा चार राज्यांत ती पसरलेली होती. जेम्स गोल्डस्मिथ या गुंतवणूकदाराने काही वर्षांपूर्वी कंपनी ताब्यात घेतली होती, आणि आता जमिनीचे तुकडे करून पैसा मोकळा करायचा होता. त्या भागातल्या लोकांना ही बातमी धक्कादायक वाटली. जंगल कंपनीचे असले तरी शिकारीला, मासेमारीला, भटकंतीला तिथे सहसा कुणी अडवत नसे. एवढे मोठे जंगल कधी बाजारात येईल आणि तळ्याकाठच्या बंगल्यांसाठी प्लॉट पडतील, असे कुणाच्या मनातही आले नव्हते. न्यू हॅम्पशायरने नॅश स्ट्रीम खोऱ्यातली सुमारे 40,000 एकर जमीन विकत घेऊन वाचवली, पण सगळेच विकत घेणे कुणाच्याही आवाक्यात नव्हते.

विकत घेऊन वाचवणे हा जुना मार्ग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समध्ये बेसुमार तोड झाली. फांद्या आणि शेंडे जागेवरच वाळत पडले, आणि 1903 मध्ये त्यांना आगी लागून डोंगरच्या डोंगर काळे पडले. त्यातून चळवळ उभी राहिली आणि 1911 मध्ये वीक्स कायदा झाला. नद्यांच्या उगमाकडची खासगी जंगले खरेदी करण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला, आणि पूर्वेकडची बरीच राष्ट्रीय वने त्यातून उभी राहिली. तरीही आज अमेरिकेतले निम्म्याहून अधिक जंगल खासगी हातात आहे, आणि मेनमध्ये तर 90 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे प्रश्न सरकारी जंगलाच्या कुंपणापाशी संपत नाही.

खासगी मालकाने झाडे राखावीत, यात पहिली अडचण कराची होती. मालमत्ता कर दरवर्षी भरावा लागे. उभ्या लाकडाची किंमतही त्यात धरली जाई, आणि जंगलाचे उत्पन्न मात्र 20-30 वर्षांतून एकदा येई. जितके राखावे तितका कर वाढे. मग मालक पीक तयार होण्याआधीच तोडून मोकळा होई. राज्यांनी हळूहळू कायदे बदलले. मेनच्या 1972 च्या कायद्याने जंगलाची आकारणी बाजारभावाऐवजी लाकूड पिकवण्याच्या क्षमतेवर सुरू झाली. अट अशी की किमान 10 एकर जंगल हवे, व्यवस्थापन आराखडा हवा आणि तो दर 10 वर्षांनी ताजा करायला हवा. मधेच बाहेर पडल्यास दंड आहे. वारसा कराचा फटका वेगळाच. केंद्राचा हा कर मृत्यूनंतर 9 महिन्यांत भरायचा असतो. मोठ्या किमतीची जमीन आणि हातात रोकड नाही, अशा वारसांपुढे घाईची तोड किंवा जमिनीचा तुकडा विकणे, एवढेच उरत असे.

1941 मध्ये वॉशिंग्टन राज्यात मॉन्टेसानोजवळ क्लेमन्स ट्री फार्म जाहीर झाले. तोडलेल्या जागी पुन्हा झाडे आणायची, आग आटोक्यात ठेवायची, ही कल्पना तिथून देशभर पसरली. पण हे सारे मालकाच्या इच्छेवर चालणारे होते. मालक बदलला की ‘ट्री फार्म’ची पाटी निघे.

खरा तोडगा जमिनीच्या कायद्यातून आला. जमिनीची मालकी म्हणजे हक्कांची मोळी असते: राहण्याचा, बांधण्याचा, तुकडे पाडण्याचा, खनिज काढण्याचा, झाडे तोडण्याचा. त्यातली एखादी काठी कायमची काढून दुसऱ्याच्या हाती द्यायची, याला कॉन्झर्वेशन इझमेंट म्हणतात. 1930 च्या दशकात ब्लू रिज पार्कवे या रस्त्यालगतचा देखावा राखण्यासाठी अशा हक्कांची खरेदी झाली होती. 1959 मध्ये पत्रकार-लेखक विल्यम व्हाइट यांनी हा शब्द आणि ही कल्पना चर्चेत आणली. जुन्या न्यायपरंपरेला मात्र शेजारची जमीन नसलेल्या संस्थेकडे असा हक्क असणे मान्य नव्हते. म्हणून राज्यांना स्वतंत्र कायदे करावे लागले, आणि 1981 मध्ये त्यांच्यासाठी नमुना कायदा तयार झाला. दान दिलेल्या हक्काच्या किमतीवर आयकरात मिळणारी सवलत 1980 मध्ये कायम झाली.

1988 च्या धक्क्यानंतर 1990 च्या कृषी कायद्यात फॉरेस्ट लेगसी कार्यक्रम आला. यात खासगी जंगलांवरची अशी इझमेंट किंवा जमीन घेण्याच्या खर्चाचा जास्तीत जास्त 75 टक्के भाग केंद्र देते, बाकीचा राज्य, संस्था किंवा खुद्द मालक उचलतो. आणि 2001 मध्ये मेनमधल्या पिंग्री घराण्याच्या 7,62,192 एकरांवर इझमेंट झाले. न्यू इंग्लंड फॉरेस्ट्री फाउंडेशन या संस्थेने त्यासाठी सुमारे 2.8 कोटी डॉलर उभे केले, म्हणजे एकरी 37 डॉलरच्या आसपास. जमीन घराण्याकडेच राहिली, लाकूडतोड चालू राहिली, गेला तो बांधकामाचा हक्क.

मोबदला कसा ठरतो, हे समजून घेण्यासारखे आहे. मूल्यांकन करणारा जमिनीची किंमत दोनदा काढतो: बंधन नसताना आणि बंधन घातल्यावर. दोहोंतला फरक म्हणजे इझमेंटची किंमत. म्हणून तळ्याकाठी किंवा शहराजवळ ती जास्त, आडरानात कमी. याच गणिताचा गैरवापरही झाला. अनेकांनी भागीदारीत स्वस्त जमीन घ्यायची, फुगवलेले मूल्यांकन करायचे आणि गुंतवणुकीच्या कितीतरी पट कर वजावट वाटून घ्यायची. डिसेंबर 2022 मध्ये अशा भागीदाऱ्यांची वजावट साधारणपणे त्यांच्या गुंतवणुकीच्या अडीच पटीवर रोखली गेली.

कागद करताना चूक होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. जमीन गहाण असेल तर बँकेने आपला हक्क इझमेंटच्या मागे जातो, असे आधी लिहून द्यावे लागते. नाहीतर कर्ज थकून जप्ती आली की बंधनही पुसले जाते. खनिजाचा हक्क आधीच दुसऱ्याला विकलेला असेल, तर पृष्ठभाग वाचवूनही खाण येऊ शकते. घराची जागा राखून ठेवायची असेल तर ती नकाशावर मोजून दाखवावी. ‘एक घर’ एवढेच लिहिले की ते कुठे, यावर वाद सुरू होतो.

इतके करूनही जंगल बिघडू शकते, कारण प्लॉट थांबले म्हणजे तोड चांगली झाली असे नाही. सर्वांत सामान्य बिघाड म्हणजे हाय-ग्रेडिंग: सरळ, जाड, महागडी झाडे काढायची आणि वाकडी, पोकळ मागे ठेवायची. ‘ठरावीक व्यासाच्या वरची झाडे तोडा, बारीक वाढू द्या’ हे वरवर शहाणपणाचे वाटते. पण बारीक झाड म्हणजे कोवळे झाड नव्हे. सावलीत दबलेल्या, मनगटाएवढ्या हेमलॉक या सूचिपर्णी झाडाचा बुंधा कापून पाहिला तर वलये इतकी दाट असतात की भिंगाशिवाय मोजता येत नाहीत, आणि वय शंभरीचे निघू शकते. समवयस्क ओकांत तर बारीक राहिलेला बहुधा हरलेला असतो. त्याला जागा करून दिली तरी तो क्वचितच सावरतो. अशा दोन तोडी झाल्या की विकण्याजोगे काही उरत नाही, आणि मालक जमीनच विकायला काढतो.

योग्य पद्धत मोजणीपासून सुरू होते. वनपाल ठरवलेल्या जागी उभा राहून काचेच्या प्रिझममधून गोल फिरत झाडे पाहतो. बुंध्याची सरकलेली प्रतिमा मूळ बुंध्याशी जोडलेली दिसली की ते झाड मोजायचे. 10 च्या प्रिझममध्ये मोजलेले प्रत्येक झाड एकरी 10 चौरस फूट धरतात; 12 झाडे मोजली गेली, तर एकरी बुंध्यांचे छेदक्षेत्र (सगळे बुंधे आडवे कापले तर दिसणारे क्षेत्रफळ) 120 चौरस फूट. उत्तरेकडच्या मेपल-बर्चच्या मिश्रवयीन जंगलात त्यातले साधारण 70 ते 80 चौरस फूट ठेवतात, बाकीच्या झाडांवर तोडीची खूण करतात, आणि पुन्हा 15-20 वर्षांनी येतात. खूण आधी खराब झाडांवर. ओढकाम, म्हणजे तोडलेले ओंडके ओढून बाहेर काढणे, शक्यतो जमीन गोठलेली असताना करायचे. काम संपल्यावर ओढवाटांवर पाणी बाजूला काढणारे तिरके बांध घालायचे: 10 टक्के उतारावर साधारण 80 फुटांवर, उतार वाढेल तसे जवळ. ते घालायचे राहिले तर पहिल्याच वितळत्या बर्फाबरोबर माती ओढ्यात जाते.

हे सारे आकडे करारात कोंबायचा मोह टाळलेला बरा. किडी आल्या, हवामान बदलले की आज योग्य असलेला आकडा उद्या अडचण होतो. 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडलेल्या एमराल्ड ॲश बोरर या किडीने ॲश या झाडाची गणितेच उलटवली. म्हणून जाणते लोक करारात हेतू, मनाई आणि ‘पात्र वनपालाचा मंजूर आराखडा’ ही अट ठेवतात, आकडे आराखड्यात. नुसता ‘शाश्वत’ शब्द मात्र कोर्टात टिकत नाही.

सही करणारा मालक सहसा त्रास देत नाही. कस लागतो तो पुढच्या मालकाच्या काळात. त्यासाठी सहीच्या वेळी आधारनोंद करतात: नकाशे, हद्दी, रस्ते, आणि ठरलेल्या जागांवरून होकायंत्राची दिशा लिहून काढलेले फोटो, दोन्ही बाजूंच्या सह्यांसह. दरवर्षी कुणीतरी जाऊन त्याच दगडी कुंपणापाशी, त्याच दिशेला तोंड करून उभे राहायचे. त्या फेरीचा आणि वेळ पडल्यास खटल्याचा खर्च भागावा, म्हणून इझमेंट घेणारी संस्था स्वतंत्र निधी बाजूला काढते, आणि तो सहीच्या दिवशीच जमा झालेला असावा लागतो, कारण नंतर त्यासाठी कुणी पैसे देत नाही.